रेसिपीत ‘बीफ ब्रॉथ’ लिहिलंय, तर पातेल्यात काय घालायचं?

फ्रेंच कांद्याचं सूप, व्हिएतनामी नूडल सूप फो, बीटचं युक्रेनी सूप बोर्श, मांसाचं क्रीमदार रशियन स्ट्रोगनॉफ. यांतलं काहीही घरी करायला घेतलं की साहित्याच्या यादीत ‘बीफ ब्रॉथ, चार कप’ अशी एक ओळ असते आणि सांगली-साताऱ्याच्या स्वयंपाकघरात गाडी तिथंच अडते. तो डबा आपल्या किराणा दुकानात मिळत नाही. बऱ्याच घरांत बीफ चालत नाही, आणि ज्यांच्याकडे चालतं त्यांनाही आपल्या राज्यात नेमकं काय आणता येतं याची खात्री नसते. मग कुणीतरी सांगतं, साधं पाणी घाल की! सूप पांचट होतं आणि दोष रेसिपीला जातो.

वास्तविक आपल्याकडच्या माणसाला हा प्रकार नवा नाही. रविवारी मटण शिजलं की तिखट पडायच्या आधी जे पाणी वाटीत काढून पोरांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या पुढ्यात ठेवतात, ते अळणी म्हणजे ब्रॉथच. फरक आहे तो मसाल्याचा, मिठाचा आणि जनावराचा. यातला कुठला फरक त्या पदार्थाला झेपतो आणि कुठला नाही, एवढंच बघायचं असतं.

रेसिपी कुठला रस मागतेय?

इंग्रजी रेसिप्यांत या एका गोष्टीसाठी अर्धा डझन शब्द येतात आणि लिहिणारेही ते सैलपणे वापरतात. त्यामुळे शब्दापेक्षा तीन गोष्टी तपासा: रस मांसाचा आहे की हाडांचा, त्यात मीठ आहे की नाही, आणि तो किती आटवलेला आहे.

ब्रॉथ म्हणजे मांस, किंवा मांस लागलेली हाडं, भाज्यांबरोबर शिजवून गाळलेला पातळ रस. त्यात बेताचं मीठ असतं आणि तो तसाच पिता येतो. स्टॉक मुख्यतः हाडांचा. जास्त वेळ शिजवलेला, बिनमिठाचा, गार झाल्यावर खळीसारखा थिजणारा. तो नुसता प्यायला बेचव लागतो, कारण तो पुढच्या पदार्थाचा पाया असतो, स्वतः पदार्थ नसतो. दुकानी डब्यांवर मात्र हे दोन्ही शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी छापलेले असतात. म्हणून रेसिपीत पुढे मीठ किती सांगितलंय ते पाहा. चार कप ब्रॉथ घालूनही चमचाभर मीठ सांगितलं असेल, तर लिहिणाऱ्यानं बिनमिठाचा रस धरलाय.

बुयाँ हा ब्रॉथसाठीचा फ्रेंच शब्द, पण आजकाल तो बहुतेक वेळा क्यूबबद्दल असतो. काँसोमे म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यानं निवळून काचेसारखा स्वच्छ केलेला रस. ‘ओ ज्यू’ म्हणजे मांस भाजताना सुटलेल्या स्वतःच्या रसासकट वाढणं. डेमी-ग्लास हा आटवून आटवून चमच्याला चिकटेल इतका दाट केलेला तपकिरी सॉस. तिथं पातळ ब्रॉथ घालून भागत नाही. ‘बोन ब्रॉथ’ हे अलीकडचं लाडकं नाव, वस्तू जुनीच: बराच वेळ शिजवलेला हाडांचा स्टॉक. आणि डब्यावर ‘कंडेन्स्ड’ लिहिलं असेल तर तो पाणी घालून पातळ करायचा असतो. परदेशातून कुणी आणून दिलेला डबा सरळ पातेल्यात ओतण्याआधी एवढा एक शब्द शोधा.

मापाचं सांगायचं तर अमेरिकन कप साधारण २४० मिलीलिटरचा आणि क्वार्ट सुमारे ९५० मिलीलिटरचा. म्हणजे ‘एक क्वार्ट ब्रॉथ’ म्हटलं की लिटरला थोडा कमी.

बीफच्या जागी काय आणायचं?

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. त्यातली दुरुस्ती ४ मार्च २०१५ पासून लागू झाली आणि गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्गीय जनावरांना अशी सरसकट बंदी नाही. त्यांच्यासाठी दाखल्याची अट आहे. त्यामुळे आपल्याकडच्या हॉटेलात किंवा दुकानात ‘बीफ’ म्हणून कायदेशीर जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं, बोलीत ‘मोठ्याचं’. तेही परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावं.

रसाच्या दृष्टीनं म्हशीचं मांस गायीच्या मांसाला चांगलंच जवळचं आहे. रंग जास्त गडद, चरबी कमी आणि पांढरी, धागा जाड. नहारी किंवा पाया करणाऱ्या घरांना यात सांगण्यासारखं काही नाही. तिथं मांसाच्या रसाला यखनी हाच शब्द चालतो आणि पुलावासाठी ती आधीच निघालेली असते.

घरात मोठ्याचं चालत नसेल तर बोकडाची किंवा मेंढीची हाडं घ्या. जतकडची माडग्याळ मेंढी मिळाली तर रस उत्तम उतरतो, पण तिच्या रसाला मेंढीचा वास असतो आणि फ्रेंच सूपमध्ये तो लगेच ओळखू येतो. या वासाचं मूळ मुख्यतः चरबीत आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या चरबीत काही खास फांदीदार मेदाम्लं असतात, तीच नाकाला लागतात. म्हणजे चरबी काढली की वास बराच जातो. कशी काढायची ते पुढे येईल.

खाटकाकडे गेल्यावर नुसतं ‘सुपाची हाडं द्या’ म्हणू नका, तो पिशवीत काहीही भरेल. रसाला दोन तऱ्हेची हाडं लागतात. नळ्यांमध्ये मगज असतो, त्यातून चरबी आणि चव येते. गुडघे, सांधे, पाया यांवर कूर्चा आणि चिवट पांढरा भाग असतो, त्यातून चिकटपणा येतो. दोन्ही अर्धी अर्धी घ्या, नळ्या मधून फोडून मागा, आणि मान किंवा सीन्याचे मांस लागलेले तुकडे मूठभर तरी टाकून घ्या. नुसत्या हाडांचा रस चिकट होतो, पण त्याला मटणाची चव येत नाही. मांडीचं महाग मटण यात घालवू नका.

आधी आपलं अळणी

हे ज्याला येतं त्यानं पुढच्या भागावर जावं. पण शहरात कुकर लावून तीन शिट्ट्यांत मटण उरकणाऱ्या बऱ्याच मंडळींना धड अळणी काढताच येत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

एक किलो मिक्स मटण घ्या, हाडांसकट. धुऊन चाळणीत निथळत ठेवा. ओलं मटण तेलात पडलं की परतायच्या ऐवजी उकडत बसतं. निथळल्यावर एक चहाचा चमचा हळद, दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण आणि दीड चहाचा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा. हळद बेतानंच. सांगलीच्या पेठेत हळदीची काय उणीव नाही, पण म्हणून ओंजळीनं घालू नये. जास्त झाली की अळणी कडसर लागतं आणि पुढे पांढरा रस्सा करायचा असेल तर तो पिवळा होतो.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून एक मोठा कांदा बारीक चिरून टाका. कांदा लाल करायचा नाही, मऊ पडला की बास. त्यावर मटण टाकून मोठ्या आचेवर परता. पाच-सात मिनिटांत मटणाला स्वतःचं पाणी सुटतं. पातेल्याच्या बुडाशी पिवळसर पाण्याचं तळं दिसतं, कडेला बारीक बुडबुडे येतात आणि कच्चा वास हळूहळू जातो. हे पाणी जवळजवळ आटून तेल पुन्हा कडेला दिसू लागेपर्यंत थांबा. अळण्याची निम्मी चव इथं तयार होते आणि घाई नेमकी इथंच केली जाते.

आता पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओता आणि आच मंद करा. ताटलीतल्या पाण्यामुळे खालची वाफ थिजून परत मटणावर पडते, आणि ताटलीतलं पाणी गरम झालं की तेच आत ओतायचं. शिजत्या मटणात थंड पाणी ओतू नये असं थोरली माणसं सांगतात, त्याचा निदान एक उपयोग उघड आहे: उकळी मोडत नाही आणि वेळ वाढत नाही. असं करत एकूण दीड ते दोन लिटर पाणी जाऊ द्या. कोवळ्या बोकडाला पाऊण तास, जून असेल तर सव्वा-दीड तास. मटण हाडापासून सुटायला लागलं की झालं. कुकरमध्ये करायचं असेल तर परतणं तसंच, पाणी एकदम गरम ओतायचं, आणि पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं.

महाबळेश्वर-पाचगणीकडच्या वाचकांसाठी एक टीप. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथं पाणी साधारण ९५-९६ अंशांवरच उकळतं. सांगलीत उघड्या पातेल्यात सव्वा तास लागतो, तर तिथं त्याहून जास्त लागेल. कुकर वापरलात तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

गाळून घेतलं की हातात येतं ते अळणी. अळणी म्हणजे बिनमिठाचं असं कोशात असलं, तरी आपल्याकडे त्यात मीठ असतं. नसतं ते तिखट आणि मसाला. रेसिपीत ब्रॉथच्या जागी अळणी घालताना हे लक्षात ठेवा, नाहीतर पदार्थात मीठ दोनदा पडेल.

याचे उपयोग ओळीत सांगायचे तर: वाटीत घेऊन ज्वारीची भाकरी कुस्करून खायची, एक वाटी तांदळाला दोन वाट्या या हिशेबानं अळणी भात करायचा, उरलेल्यात कांदा-लसूण मसाला आणि वाटण घालून तांबडा रस्सा. पांढऱ्या रश्श्यासाठी लिटरभर अळण्याला दीड वाटी नारळाचं दूध आणि खसखस, तीळ, काजूचं दोन-तीन चमचे बारीक वाटण लागतं. आधी खडा मसाला आणि हिरवी मिरची तेलात परतायची, मग वाटण, मग अळणी, आणि नारळाचं दूध अगदी शेवटी. दूध पडल्यावर रस्सा खळाखळा उकळू देऊ नका, फाटतो.

कोरा रस: परदेशी पदार्थांसाठी

अळणी कितीही उत्तम उतरलं तरी ते कांद्याच्या फ्रेंच सुपात चालत नाही. हळदीनं सूप पिवळं होतं, आणि आलं-लसूण चीजशी भांडतं. अशा पदार्थांसाठी हळद, आलं आणि मीठ यांतलं काहीच नसलेला रस वेगळा काढावा लागतो. तो एकदा करून फ्रीजरमध्ये ठेवला की महिना-दोन महिने कटकट नाही.

दीड किलो हाडं घ्या. फोसारखा स्वच्छ, फिका रस हवा असेल तर हाडं गार पाण्यात घालून एक उकळी आणा, पाच मिनिटांनी ते पाणी फेका आणि हाडं नळाखाली चोळून धुवा. त्यातून निघणारा करडा गाळ पाहिला की हे पाणी का फेकायचं ते विचारावं लागत नाही. स्ट्रोगनॉफ किंवा कांद्याच्या सुपासाठी तपकिरी रस लागतो. त्यासाठी हाडं न उकडता ओव्हनमध्ये २२० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजा, मधे एकदा उलटा. ओव्हन नसेल तर लोखंडी कढईत थोडी थोडी टाकून चांगली तांबूस करून घ्या. काळी पडू देऊ नका. एक जळकं हाड सगळा रस कडू करतं.

भाजलेली हाडं मोठ्या पातेल्यात, वर गार पाणी. हाडं बुडून दोन बोटं वर येईल इतकं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. ज्या कढईत किंवा ट्रेमध्ये भाजलं तिच्या बुडाला चिकटलेला तपकिरी थरही थोड्या पाण्यानं खरवडून यातच घाला, तो खरा माल आहे.

सुरुवात गार पाण्यापासूनच करायची. हळूहळू तापताना मांसातली विरघळणारी प्रथिनं साकळून फेसाच्या रूपानं वर येतात आणि झाऱ्यानं काढता येतात. एकदम कडकडीत उकळी आणली तर तोच फेस आणि चरबी बारीक होऊन रसात मिसळते आणि रस गढूळ होतो. मटण शिजवताना आपल्या हाताला मोठ्या आचेची सवय असते, इथं ती मोडायची. फेस काढून झाला की आच इतकी कमी करा की पृष्ठभागावर सेकंदा-दोन सेकंदांनी एखादाच बुडबुडा यावा. पहिला अर्धा तास पातेल्याजवळ राहा, पुढे लक्ष दिलं नाही तरी चालतं.

फेस थांबल्यावर दोन कांदे, दोन गाजरं, दहा-बारा मिरे आणि दोन तमालपत्रं घाला. कांदे मधून कापून त्यांची कापलेली बाजू तव्यावर काळपट होईपर्यंत भाजा; त्यानं रसाला सुंदर सोनेरी-तपकिरी रंग येतो. रेसिपीतली सेलरी आपल्या मंडईत रोज मिळत नाही. कोथिंबिरीच्या जाड काड्या घाला. चव तीच येत नाही, पण हिरवेपणाची जागा भरते. कोबी-फ्लॉवर घालू नका, उग्र वास सुटतो.

म्हशीच्या हाडांना मंद आचेवर सहा ते आठ तास लागतात, बोकडाच्या हाडांना चार तास पुरे. जतकडे चुलीवर सरपण असेल तर हे स्वस्तात होतं; गॅसवर सिलिंडरकडे बघूनच धीर सुटतो. तिथं कुकर बरा. पूर्ण दाबावर त्यात तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं आणि सहा तासांचं काम दीड-दोन तासांत आटोपतं. मात्र कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, आणि फेस काढून झाल्याशिवाय झाकण लावू नका. फेस शिट्टीच्या नळीत अडकू शकतो. झाल्यावर दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर आतला रस जोरात उकळतो आणि इतका वेळ जपलेला निवळपणा जातो.

या सगळ्या वेळात आत होतं ते एवढंच: सांध्यांतलं आणि कातडीतलं कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं. तेच जिभेवर रसाला अंग देतं. पाण्यात क्यूब टाकून ही चिकट गुळगुळीत जाणीव येत नाही, मग क्यूब कितीही महाग असो.

शेवटी आधी चाळणीतून आणि मग पंच्यातून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका. साडेतीन लिटरांतून दोन लिटरांच्या आसपास रस मिळतो.

गार करणं

या टप्प्यावर आळस केला तर पोट बिघडतं. मांसाचा कोमट रस ही जिवाणूंची आवडती जागा. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ओट्यावर ठेवलेलं पातेलं रात्रीपर्यंत गारच होत नाही. ‘सकाळी उकळून घेऊ’ हाही उपाय नाही. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतून वाचतात, आणि काहींनी आधीच सोडलेलं विष उकळून जात नाही.

म्हणून गाळलेलं पातेलं परातीत बर्फाच्या पाण्यात ठेवा, रस ढवळत राहा, परातीतलं पाणी गरम झालं की बदला. दोन तासांच्या आत तो फ्रीजमध्ये जायला हवा. मोठ्या पातेल्याऐवजी पसरट डब्यांत भरला तर लवकर गार होतो.

दुसऱ्या दिवशी वर चरबीची पांढरी वडी जमलेली असते. सुरीनं कडेनं सोडवून अख्खी उचला. बोकडाचा किंवा मेंढीचा वास घालवायचा तो हाच क्षण. चरबी टाकायची नसेल तर ती भाकरीच्या तव्याला लावायला छान, फक्त ती मेंढीची असेल तर घरच्यांना सांगून लावा. खालचा रस डबा हलवल्यावर थरथरला पाहिजे. थरथरला नाही तर हाडांत सांधे कमी पडले किंवा पाणी जास्त झालं. रस वाया गेलेला नाही, उघड्या पातेल्यात थोडा आटवा.

फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेल्या वड्या पिशवीत भरून ठेवल्या तर भाजीच्या रश्श्यातही एखादी टाकता येते. डब्यावर तारीख लिहा आणि कशाचा रस आहे तेही लिहा. ज्या घरात एकाचा सोमवार, दुसऱ्याचा शनिवार आणि तिसऱ्याची संकष्टी असते, तिथं बिननावाचा तपकिरी डबा आमटीत पडला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पाहुण्यांनाही सूप कशाचं आहे ते वाढण्याआधी सांगावं, खाऊन झाल्यावर नव्हे.

कुठल्या पदार्थाला काय चालेल?

कांद्याच्या फ्रेंच सुपाला म्हशीच्या हाडांचा तपकिरी रस सगळ्यात चांगला. बोकडाचा घ्यायचा तर चरबी काढलेलाच, आणि कांदा मंद आचेवर पाऊण तास तरी परतलेला हवा. मग फरक फार थोड्यांना कळतो. स्ट्रोगनॉफमध्ये क्रीम आणि मश्रूम असल्यामुळे बोकडाचा रस सहज खपतो. बोर्शला बीटची गोडी आणि आंबटपणा असतो, तिथं अगदी चिकनचा रसही भागवून नेतो.

फोचं तसं नाही. त्यात रस हाच पदार्थ, बाकी सगळं वरून घातलेलं. तिथं मोठ्याची हाडं नसतील तर चिकनचा फो करा, व्हिएतनाममध्ये तोही तितकाच घरचा आहे. मटणाच्या रसात चक्रीफूल आणि दालचिनी पडली की तो फो राहत नाही, आपल्या पुलावाची यखनी होते. खायला छान, पण नाव दुसरं द्या.

रेसिपीला नुसता अर्धा कप ब्रॉथ हवा असेल, ग्रेव्ही सैल करायला वगैरे, तर एवढा खटाटोप करू नका. पाणी, चमचाभर सोया सॉस आणि परतलेला कांदा पुरे.

काँसोमे करायची हौस असेल तर लिटरभर गार, चरबी काढलेल्या रसात दोन अंड्यांचा पांढरा भाग, शंभर-दीडशे ग्रॅम खिमा आणि अर्धा चिरलेला टोमॅटो फेटून घाला. मंद आचेवर तापवत सतत ढवळा. पांढरा साकळून वर यायला लागला की ढवळणं ताबडतोब बंद. वर एक जाड थर धरतो आणि सगळा गाळ त्यात अडकतो. अर्ध्या-पाऊण तासानं थराला कडेला भोक पाडून पळीनं रस अलगद काढा आणि फडक्यातून गाळा. कष्टाच्या मानानं थोडंच मिळतं, रोज करायचा हा प्रकार नाही.

क्यूबबद्दल थोडक्यात. मांसाचा अर्क डबाबंद करून विकण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याची, १८४७ ची. १८६५ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि उरुग्वेतल्या फ्राय बेंटोस इथं कारखाना चालला. किलोभर अर्काला तीसेक किलो मांस लागायचं, त्यामुळे तो काही गरिबाच्या घरी पोचला नाही. पुढे १९०८ मध्ये युलियस मॅगीचा बुयाँ क्यूब आला आणि १९१० मध्ये ऑक्सोचा. क्यूबमध्ये सगळ्यात जास्त असतं ते मीठ. आपल्या दुकानांत मिळतो तो सहसा व्हेज किंवा चिकन. वापरायचा तर पाकिटावरचं पाण्याचं प्रमाण पाहा आणि पदार्थात वेगळं मीठ शेवटी चाखूनच घाला.

शाकाहारी घरांसाठी चांगली वाट कोरेगावच्या वाघ्या घेवड्यातून जाते. पुरणाच्या दिवशी डाळ येळून कटाची आमटी करणाऱ्यांना हे तंत्र माहीत आहे, फक्त डाळीच्या जागी घेवडा. रात्रभर भिजवलेलं पाणी फेका, नव्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळाखळा उकळा, कारण कच्च्या घेवड्यात पोटाला बाधणारं द्रव्य असतं, आणि मग मऊ शिजवा. ते दाटसर पाणी काढून त्यात काळपट भाजलेला कांदा, तेलात चांगली परतलेली मश्रूम, एक टोमॅटो आणि चमचाभर सोया सॉस घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळा. रंग आणि खारट-खमंगपणा बीफ ब्रॉथच्या बराच जवळ जातो. चिकटपणा येत नाही.

औषध म्हणून पिताय का?

हाड मोडलं की पायाचं सूप, बाळंतिणीला पायाचं सूप, गुडघे दुखले तरी पायाचं सूप. गरम, पचायला हलकं, तोंडाला चव आणणारं म्हणून ते आजाऱ्याला बरं वाटतं, यात वाद नाही. पण हाडांतलं कॅल्शियम रसात फार थोडं उतरतं. वाटीभर दुधात त्याहून पुष्कळ जास्त असतं. आणि त्यातलं जिलेटिन पोटात जाऊन इतर प्रथिनांसारखंच पचतं, सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी खारट अळणी वाट्यावर वाट्या पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बिघडलं तर

रस खारट झाला असेल तर त्याचं कारण बहुधा मीठ आधी घालून नंतर आटवलं हे असतं. बटाटा टाकून मीठ शोषलं जातं असं म्हणतात, पण बटाटा शोषतो तो खारट रस, नुसतं मीठ नव्हे. उरलेला रस तितकाच खारट राहतो. बिनमिठाचा रस किंवा पाणी वाढवणं हाच उपाय. गढूळ झाला तर चवीला काही होत नाही, रश्श्यात वापरून टाका. पांचट वाटला तर आटवण्याआधी चिमूटभर मीठ वाटीत घालून चाखा, पुष्कळदा रस चांगलाच असतो आणि फक्त मीठ नसतं. आंबूस वास आला किंवा झाकण उघडल्यावर फेस दिसला तर चाखूनही पाहू नका, ओतून द्या. फ्रीजमधून काढलेला रस दर वेळी लागेल तेवढाच घ्या, खळखळून उकळा, आणि एकदा तापवलेला पुन्हा डब्यात ओतू नका.